रोजा, हज आणि पाळीचा हिशेब

२०१८ च्या हज धोरणात भारत सरकारने एक मोठा बदल केला. पंचेचाळीस वर्षांवरील मुस्लिम स्त्रियांना मेहरमशिवाय, म्हणजे नवरा, वडील, भाऊ, मुलगा अशा जवळच्या पुरुषाच्या सोबतीशिवाय, किमान चौघींचा गट करून हजला जाण्याची मुभा मिळाली. २०२३ साली अशा स्त्रियांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली. या निर्णयावर राजकीय आणि धार्मिक अंगाने भरपूर बोलले गेले. त्यातल्या वयाच्या अटीकडे मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नजरेने फारसे कोणी पाहिले नाही. भारतीय स्त्रीची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षे ती बेभरवशाची होते. कधी दीड महिना पत्ता नसतो, तर कधी पंधरा दिवसांत दोनदा येते. एकटीने हजला जाण्याची परवानगी मिळते ती नेमकी या वयात, जेव्हा पाळी कधी येईल हे सांगणे सर्वांत अवघड असते.

आणि हजमध्ये पाळीचा प्रश्न येतोच. पाळी चालू असताना हजचे जवळजवळ सगळे विधी करता येतात. मिनात राहणे, अरफातच्या मैदानात उभे राहणे, मुजदलिफाची रात्र, सैतानाला खडे मारणे, दुआ, जिक्र, यांतले काहीही अडत नाही. अडतो फक्त तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या सात प्रदक्षिणा. इस. ६३२ मध्ये पैगंबरांच्या शेवटच्या हजयात्रेत त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांना मक्केच्या वाटेवर सरिफ या ठिकाणी पाळी आली. त्या रडू लागल्या, तेव्हा पैगंबरांनी समजूत घातली की तवाफ सोडून बाकी सारे हाजी करतात तसे कर. आजचा नियम या हदीसवर उभा आहे. निरोपाचा तवाफ पाळीत माफ होतो. मात्र दहाव्या जिल्हज्जपासून करायचा तवाफ-ए-जियारत हा हजचा अनिवार्य भाग असल्याने तो पाळी संपल्यावर करावाच लागतो. परतीचे विमान त्याआधी असेल तर काय, ही धास्ती घेऊन अनेकजणी घर सोडतात.

या धास्तीवर बाजारात सोपा वाटणारा उपाय आहे. नॉरएथिस्टेरॉन नावाची गोळी गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळते. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरातले लग्न, वैष्णोदेवीची यात्रा, यांसाठी ती हिंदू घरांतही वर्षानुवर्षे घेतली जाते, त्यामुळे हा काही एका धर्माचा प्रश्न नाही. कागदोपत्री ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची गोळी आहे. प्रत्यक्षात ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ एवढे म्हटले की पुष्कळदा काउंटरवर पाकीट येते. नेहमीचा डोस पाच मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधीपासून. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते.

पाळी का येते हे पाहिले की गोळी काय करते ते कळते. बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते आणि ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला धरून ठेवते. गर्भ राहिला नाही की साधारण दोन आठवड्यांत त्याची पातळी कोसळते, अस्तर सुटते आणि रक्तस्राव सुरू होतो. गोळी बाहेरून प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य पुरवत राहते, म्हणून अस्तर सुटत नाही. तरुण, निरोगी, नियमित पाळी असलेल्या स्त्रीने दहा-बारा दिवस ती घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. स्तन दुखणे, पोट फुगणे, चिडचिड, डोकेदुखी, इतकेच.

पंचेचाळिशीच्या पुढे मात्र गणित बदलते. पहिली अडचण अगदी साधी आहे. ज्या तारखेच्या तीन दिवस आधी गोळी सुरू करायची, ती तारीखच ठाऊक नसते. मग घरून निघतानाच गोळी सुरू होते आणि दहा-चौदा दिवसांसाठी सांगितले जाणारे औषध महिनाभर, चाळीस दिवस चालू राहते. इतके करूनही मध्येच डाग पडू शकतात. तवाफ चालू असताना असा डाग दिसला तर ज्या चिंतेपायी गोळी घेतली ती दुप्पट होते.

दुसरी अडचण रक्ताच्या गुठळीची आहे. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात इथिनिल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असते तेच हे संप्रेरक. दिवसाला दहा ते वीस मिलिग्रॅम घेतल्यास त्याचा परिणाम २० ते ३० मायक्रोग्रॅम इथिनिल एस्ट्रॅडिऑल घेण्याइतका होतो. म्हणजे पाळी लांबवणारी स्त्री नकळत गर्भनिरोधक गोळीच्या ताकदीचे औषध घेत असते. अशा संप्रेरकाने पोटरीतल्या किंवा फुप्फुसातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. कोणतेही संप्रेरक न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षभरात साधारण दोघींना अशी गुठळी होते, तर एस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत पाच ते बारा जणींना. आकडे लहान आहेत, घाबरून जावे असे नाहीत. पण त्यांत वय, वजन, रक्तदाब, मधुमेह, मुंबईहून जेद्दाहपर्यंत साडेपाच तास एका जागी बसणे आणि उन्हात कमी पाणी पिणे हे सगळे मिळवायचे असते. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार १,३०० हून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्यांतल्या बहुतेकांकडे अधिकृत परवाना नव्हता आणि ते सावलीविना लांबवर चालत होते. गोळीचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र कसल्या वातावरणात ही गोळी घेतली जाते, हे त्यावरून कळते.

पूर्वी गुठळी झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेली, यकृताचा आजार असलेली, स्तनाचा कर्करोग झालेली, किंवा कारण न कळता मधूनमधून अंगावरून जाणारी स्त्री, या कोणीही ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गुठळीचा धोका असलेल्यांना डॉक्टर मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखा पर्याय सुचवू शकतात, कारण त्याचे एस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत नाही. काहींना दोन-तीन महिने आधीपासून वेगळी योजना आखून देता येते. पण हे सारे विमानाच्या आदल्या आठवड्यात होत नाही.

गोळी घ्यावी का, या प्रश्नावर मुफ्तींचा सर्वसाधारण कौल असा, की शरीराला अपाय होणार नसेल तर मनाई नाही, पण तशी गरजही नाही, कारण पाळी ही स्त्रीच्या घडणीतच आहे. या उत्तरातली अट बहुतेकदा ऐकताना गळून जाते. अपाय होणार नाही हे मुफ्ती सांगू शकत नाहीत. ते रक्तदाब मोजून, जुना आजार विचारून डॉक्टरच सांगू शकतात. धर्माने प्रश्न दवाखान्याकडे पाठवलेला असतो आणि तो वाटेत मेडिकलच्या काउंटरवर थांबतो.

शिवाय धर्मशास्त्रातच बऱ्याच वाटा आहेत. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा मुक्काम परंपरेने चाळीस दिवसांच्या आसपास असतो. त्यांतल्या ज्यांची परतीची तारीख उशिराची आहे, त्यांना पाळी आली तरी ती संपल्यावर तवाफ करायला वेळ मिळतो आणि पाळीमुळे झालेल्या उशिराबद्दल दंड नाही. खरी ओढाताण होते ती खासगी टूरच्या आखूड यात्रेत, किंवा हज संपताच विमान असलेल्यांची. अशांसाठी हनफी मतानुसार पाळीत केलेला तवाफ ग्राह्य धरला जातो, त्यासाठी उंट किंवा गायीची कुर्बानी द्यावी लागते आणि पाळी संपल्यावर पुन्हा तवाफ केला तर तीही माफ होते. चौदाव्या शतकातले विद्वान इब्न तैमिया यांनी तर नाइलाज झालेल्या स्त्रीला तशाच अवस्थेत तवाफ करण्याची मुभा दिली. कोणते मत घ्यायचे हा ज्याच्या त्याच्या पंथाचा प्रश्न आहे. पण गोळीआधी परतीची तारीख विचारायला हवी, एवढे त्यातून निघते. ती उशिराची असेल तर अनेकजणींना गोळीची गरजच उरत नाही.

पाळी आणि धर्म हा विषय वर्तमानपत्रांत येतो तो बहुधा न्यायालयाच्या वाटेने. शबरीमलाचा निकाल २०१८ साली लागला. नोव्हेंबर २०१९ मध्ये फेरविचाराच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने मुस्लिम स्त्रियांच्या मशीदप्रवेशाचा मुद्दाही त्याच्याशी जोडून मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. तो मुद्दा पुण्यातल्या एका दांपत्याच्या याचिकेतून आलेला आहे. दरवाजाचा हा वाद महत्त्वाचा आहेच. पण बहुसंख्य मुस्लिम स्त्रिया नमाज घरीच पढतात आणि त्यांचा पाळीचा प्रश्न दरवाजाचा नसून मोजणीचा असतो. आज कितवा दिवस? हे रक्त पाळीचे की दुसरे? आज नमाज पढायची की नाही?

‘कावळा शिवला’ म्हणत तीन दिवस बाजूला बसवलेल्या बाईची आठवण असलेल्या मराठी वाचकाला इथला फरक समजून घ्यायला हवा. इस्लामी शास्त्रात पाळीतल्या स्त्रीचा स्पर्श विटाळ मानला जात नाही. तिने स्वयंपाक करावा, सर्वांसोबत एकाच ताटात जेवावे, त्याच बिछान्यावर झोपावे. पाळीत असताना हजरत आयेशा पैगंबरांचे केस विंचरत, त्यांच्या मांडीवर डोके टेकून पैगंबर कुरआन पढत, अशा हदीस प्रसिद्ध आहेत. मनाई आहे ती नमाज, रोजा, तवाफ आणि शरीरसंबंधाची. कुरआनाला हात लावणे, पठण करणे, मशिदीत थांबणे यांबाबत पंथापंथांत मतभेद आहेत. लोणच्याला शिवू नये, केस धुऊ नयेत, अशा गोष्टी काही मुस्लिम घरांतही पाळल्या जातात, पण त्यांचे मूळ फिक्हमध्ये नाही. शेजारधर्म म्हणून त्या आल्या असाव्यात.

फिक्हमध्ये जे आहे ते दिवसांचे काटेकोर गणित. रक्ताचे तीन प्रकार मानले आहेत: पाळीचे हैज, बाळंतपणानंतरचे निफास आणि या दोन्हींत न बसणारे इस्तिहाजा. तिसऱ्या प्रकारामागे एक गोष्ट आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश नावाची स्त्री पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, माझे रक्त थांबतच नाही, मी नमाज सोडून देऊ का? उत्तर मिळाले की नको, ते पाळीचे रक्त नाही, शिरेतून येणारे आहे. तुझ्या नेहमीच्या दिवसांपुरती नमाज सोड, मग अंघोळ करून पढत जा. सातव्या शतकात, सूक्ष्मदर्शकाच्या हजार वर्षे आधी, पाळी आणि आजाराचा रक्तस्राव वेगळे आहेत हे व्यवहारापुरते ओळखले गेले होते. मदिनेच्या बायका कापसाचा बोळा डबीत घालून हजरत आयेशांकडे पाठवत आणि पाळी संपली का ते विचारत. पूर्ण पांढरे दिसेपर्यंत घाई करू नका, असा त्यांचा सल्ला असे.

हैज किती दिवस धरायचे यावर मात्र एकमत नाही आणि ही गोष्ट महाराष्ट्रात रोज अनुभवाला येते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातले बहुतेक मुस्लिम हनफी आहेत, तर रत्नागिरी, रायगडचे कोकणी मुस्लिम शाफई. हनफी हिशेबात हैज कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस. शाफई हिशेबात कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस. दोन्हींत दोन पाळ्यांमध्ये किमान पंधरा दिवस कोरडे हवेत. समजा, एखादीला बारा दिवस रक्तस्राव झाला. ती चिपळूणची असेल तर बाराही दिवस पाळीचे. ती औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची असेल, तर दहा दिवस ओलांडल्यामुळे तिच्या नेहमीच्या सवयीइतकेच, समजा सहा दिवस, पाळीचे आणि बाकीचे इस्तिहाजाचे. त्या उरलेल्या दिवसांच्या नमाजा तिला भरून द्याव्या लागतात.

वैद्यकशास्त्र या दोघींनाही एकच सांगेल: तपासून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, फिगोच्या, निकषानुसार दोन पाळ्यांमधले अंतर २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत असेल तर तो सामान्य. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, ८० च्या वर गेले तर ते जास्त. दर महिन्याला बारा दिवस अंगावरून जाणाऱ्या स्त्रीला गर्भाशयात गाठी असू शकतात, थायरॉइडचा त्रास असू शकतो, बीजकोशाचे चक्र बिघडलेले असू शकते. चिपळूणच्या बाईचे बारा दिवस धर्माच्या मर्यादेत बसतात, म्हणून तिला सारे ठीक वाटण्याची भीती आहे. फकीहांनी पंधरा दिवसांची मर्यादा उपासनेसाठी घातली होती, तब्येतीचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रिया रक्तक्षय असलेल्या आढळल्या. ते प्रमाण आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले होते. सगळ्या धर्मांच्या स्त्रिया त्यात आहेत. लांबलेली पाळी हे त्यामागचे एक कारण आहे आणि ते सहज हाती लागणारे आहे, कारण या घरांतली बाई दिवस मोजतच असते.

मोजणी सर्वांत जास्त चुकते ती गर्भनिरोधनाच्या साधनांनी. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने पाळी जास्त जाते, लांबते, मध्येच डाग पडतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. त्याने आधी अनियमित डाग पडतात आणि पुढे पुष्कळजणींची पाळी बंद होते. ‘छाया’ गोळीने पाळी लांबते. सिस्टर हे सांगतात आणि ‘घाबरायचे कारण नाही’ असेही म्हणतात. ते खरेच आहे. पण नमाजी बाईच्या दृष्टीने अर्धाच प्रश्न सुटतो. चार दिवस डाग, दोन दिवस कोरडे, पुन्हा तीन दिवस डाग, यांत पाळी कोणती? रोज संभ्रम नको म्हणून ती तांबी काढून टाकते आणि नोंदवहीत कारण लिहिले जाते ‘रक्तस्राव’. रक्तस्रावातला बदल हे अशी साधने सोडण्याचे जगभर दिसणारे प्रमुख कारण आहे. त्यामागे कुठे उपासनेची अडचण आहे हे कोणी विचारत नाही, मग ती दिसणार कशी? उत्तर शास्त्रात असते. सवयीचे दिवस पाळीचे धरायचे, उरलेले इस्तिहाजाचे, आणि इस्तिहाजात नमाजही होते, रोजाही होतो. तांबी बसवतानाच आधीच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून ठेवायला सांगितल्या तर ही सवय हाताशी राहते. इस्तिहाजाची बाई ‘नापाक’ नाही, हे मात्र पुष्कळजणींना माहीतच नसते आणि त्या महिनोन्‌महिने नमाज सोडून बसतात.

रमजानमध्ये या मोजणीला घरातल्या लाजेची जोड मिळते. पाळीत रोजा ठेवायचा नसतो. सुटलेले रोजे पुढे वर्षभरात भरून काढायचे, सुटलेल्या नमाजा मात्र माफ. म्हणजे त्या सहा-सात दिवसांत बाईने जेवायला हवे, पाणी प्यायला हवे. अनेक घरांत ती सासऱ्यांसमोर, दिरासमोर, मुलांसमोर रोजा असल्यासारखी वावरते. सेहरीला सर्वांबरोबर उठते, दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चोरून दोन घास खाते किंवा खातही नाही. धर्माने दिलेली सूट घरातल्या संकोचाने काढून घेतलेली असते. उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये रक्त जात असताना बारा-तेरा तास पाणी न पिणे आणि पोटदुखीसाठी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेणे, हे डोकेदुखी, चक्कर आणि जठराच्या जळजळीला आमंत्रण आहे. ज्या दिवसांत रोजा नाही त्या दिवसांत गोळी खाऊनपिऊन घेता येते, एवढी साधी गोष्ट. लोहाच्या गोळ्या बऱ्याचजणी रमजानभर बंदच करतात. त्याची गरज नाही. इफ्तारनंतर तासा-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर ती घेता येते. चहाबरोबर मात्र घेऊ नये, चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही.

रमजान आला की मोबाइलवर एक निरोप फिरतो: पाळीत रोजा का नको, हे विज्ञानाने आता सिद्ध केले. असे काही सिद्ध झालेले नाही. निरोगी स्त्रीचे चार-पाच दिवसांत जाणारे ३०-४० मिलिलिटर रक्त म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे. त्याने उपवास धोक्याचा होतो असे म्हणता येत नाही. जुन्या फकीहांनीही हा नियम आज्ञा म्हणूनच मानला, त्याला प्रयोगशाळेचा दाखला जोडला नाही. श्रद्धेच्या नियमाला विज्ञानाची शाल पांघरण्याचा सोस सर्वच धर्मांत आहे आणि त्याने दोन्हींचे नुकसान होते. उद्या आकडे उलटे निघाले तर काय करायचे?

बाळंतपणानंतरच्या रक्ताचा हिशेबही असाच चुकीचा समजला जातो. हनफी मतात निफास जास्तीत जास्त चाळीस दिवस, शाफई मतात साठ. ही कमाल मर्यादा आहे. रक्त पंधराव्या दिवशी थांबले तर त्याच दिवशी गुसल करून नमाज सुरू होते. पण हिंदू घरांतल्या सव्वा महिन्यासारखा चाळीस हा आकडा पक्का धरला जातो. उलट, थांबलेले रक्त पुन्हा लालभडक येऊ लागले, गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा दुर्गंधी सुटली तर ‘अजून चाळीस दिवस व्हायचे आहेत’ म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. वार अडकून राहणे किंवा जंतुसंसर्ग ही त्यामागची कारणे असतात.

हे सगळे प्रश्न आज कोणाला विचारले जातात? मौलानांना विचारायला संकोच, म्हणून नवऱ्यामार्फत चिठ्ठी जाते किंवा इंटरनेटवर शोधले जाते. मदरशांत शिकलेल्या आलिमा आता गावोगावी आहेत आणि त्यांच्याकडे बायका मोकळेपणाने बोलतात. त्यांच्या वहीत येणारे प्रश्न, दोन महिने थांबत नाही, वीस दिवसांनी येते, संबंधानंतर रक्त दिसते, हे एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाने वाचले तर निम्म्यांना तो लगेच तपासणीला बोलावेल. दुसऱ्या बाजूला डॉक्टर ‘पाळी कधी आली?’ एवढेच विचारतात. नमाजी बाईकडे मात्र पाळी सुरू झाल्याचा आणि थांबल्याचा दिवस अनेकदा वेळेसकट असतो, कारण जोहरच्या आधी थांबली की नंतर, यावर तिची एक नमाज अवलंबून असते. इतकी नेमकी नोंद दवाखान्यात क्वचितच येते. ती डॉक्टरांनी मागावी आणि बाईने संकोच न करता पुढे करावी. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने अनेकींचा पाळीचा हिशेब तारखेपेक्षा चंद्राच्या तिथीला जवळ राहतो. डॉक्टरांनी तिथी सांगितली म्हणून दचकू नये.

मुंबईतल्या हज हाउसपासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रशिक्षण शिबिरांपर्यंत हजची तयारी महिनोन्‌महिने आधी सुरू होते. वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, लसी, एहरामचे नियम, सारे त्यात येते. चाळिशीच्या पुढच्या बाईला तिथेच तीन प्रश्न विचारता येतील: गेल्या सहा महिन्यांत पाळी कशी आली, गुठळीचा किंवा रक्तदाबाचा इतिहास आहे का, परतीचे विमान कधीचे आहे. यांच्या उत्तरांवरून गोळी हवी का आणि कोणती, हे निघताना नव्हे तर तीन महिने आधी ठरेल.

एक प्रसंग मात्र असा आहे, जिथे हैज की इस्तिहाजा हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर हनफी ग्रंथांत पंचावन्न वर्षे ही पाळी संपण्याची मर्यादा धरून त्याची चर्चा होते, रक्ताचा रंग पाहिला जातो. दवाखान्यात रंग पाहिला जात नाही. असे रक्त थेंबभर असले, एकदाच दिसले, हजच्या गोळ्या बंद केल्यावर आले असे वाटले, तरी तपासायचेच असते. अशा दर दहा स्त्रियांपैकी साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. बाकी नऊजणींना अस्तर सुकणे, छोटा मोड, असे किरकोळ काही असते. निदानाला एक सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा लहानसा तुकडा पुरतो. रमजानमध्ये अंतर्गत तपासणीने रोजा तुटतो का, यावर मतभेद असल्याने बायका ती ईदनंतरवर टाकतात. त्याऐवजी इफ्तारनंतरची वेळ मागून घेता येते. लवकर सापडलेला हा कर्करोग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होतो.